'एनी क्वेश्चन्स?'नंतरची शांतता

'सेमिनार' या शब्दाची हॉस्टेलवरची व्याख्या साधारण अशी आहे : दुपारच्या जेवणानंतर ए.सी. हॉलमध्ये भरणारा, सही घेतली जाणारा आणि शेवटी चहा-बिस्किटं मिळण्याची शक्यता असणारा कार्यक्रम. व्याख्या चुकीची नाही. फक्त तिच्यात एक माणूस राहून गेलाय. तो पुढे उभा असतो. हातातल्या लेझर पॉइंटरचा लाल ठिपका पडद्यावर थरथरत असतो, आणि गेल्या दीड वर्षात आपण काय केलं हे तो वीस मिनिटांत सांगायची धडपड करत असतो.

आपल्या कॉम्प्युटर डिपार्टमेंटमधले एम.टेक.चे थिसिस सेमिनार मी दोन वर्षं नेमाने ऐकतोय. (नेमाने म्हणजे अटेंडन्स कंपल्सरी आहे म्हणून, उगाच मोठेपणा नको.) त्यांचा क्रम सत्यनारायणाच्या पूजेइतका ठरलेला आहे. पहिल्या स्लाइडवर नाव, रोल नंबर, गाईडचं नाव. दुसरीवर 'आउटलाइन'. मग 'इंट्रोडक्शन', ज्यात अलीकडे इंटरनेटचा वापर खूप वाढला आहे ही बातमी आपल्याला दिली जाते. मग लिटरेचर सर्व्हेचा तक्ता, ज्याचं अक्षर पहिल्या बाकावरच्यालाही वाचता येऊ नये याची पुरेपूर काळजी घेतलेली असते. मग 'प्रपोज्ड सिस्टिम' : चार चौकोन, सहा बाण आणि डेटाबेसचा तो गोल डबा. मग बार चार्ट. त्यात चार बार लोकांचे आणि पाचवा आपला, अर्थातच सगळ्यात उंच. शेवटी 'फ्यूचर स्कोप', गुलाबाच्या फुलासकट 'थँक यू', आणि ते दोन शब्द : 'एनी क्वेश्चन्स?'

पाच सेकंद शांतता. ए.सी.चा आवाज ऐकू येतो. मग कुणीतरी टाळी वाजवतं आणि सगळे सुटतात.

मला या पाच सेकंदांबद्दल लिहायचंय. वरवर ती शांतता सभ्यपणाची वाटते. प्रत्यक्षात तो एक तह आहे. कुठे लिहिलेला नाही, पण पुरंदरच्या तहापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळला जातो. कलम पहिलं : आज मी तुला विचारणार नाही, पुढच्या शुक्रवारी तू मला विचारायचं नाहीस. कलम दुसरं : जो विचारेल तो 'शायनिंग मारतोय' असं समजण्यात येईल आणि रात्री मेसमध्ये त्याचा हिशेब होईल. कलम तिसरं थोडं नाजूक आहे, कारण त्याच्यावर स्टाफरूमच्या सह्या आहेत. विद्यार्थ्याला अवघड प्रश्न विचारला की तो समोर बसलेल्या गाईडला लागतो. आज आपण त्यांच्या विद्यार्थ्याला विचारलं, तर उद्या ते आपल्या विद्यार्थ्याला विचारणार. त्यापेक्षा 'गुड वर्क, कीप इट अप' बरं.

या तहात सगळ्यांचं भलं होतं असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की यात सगळ्यात जास्त नुकसान पुढे उभ्या असलेल्या माणसाचंच होतं, आणि ते त्याला कळतं तेव्हा वेळ गेलेली असते.

उदाहरण घेऊनच बोलूया. नेटवर्क सिक्युरिटीवर थिसिस करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याला केडीडी कप ९९ हा डेटासेट माहीत असतो. अमेरिकेत १९९८ साली नेटवर्कवरचे हल्ले ओळखण्याच्या चाचणीसाठी एक खोटं नेटवर्क उभं करून त्यावरची वाहतूक नोंदवली गेली. त्यातून १९९९च्या स्पर्धेसाठी हा डेटा तयार झाला. फुकट, मोठा आणि सोयीचा. पुढची दहा वर्षं जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यावर थिसिस लिहिले आणि जो तो ९८ टक्के, ९९ टक्के म्हणू लागला. २००९ साली कॅनडातल्या काही संशोधकांनी एक अगदी साधी गोष्ट केली. त्यांनी नोंदी मोजल्या. ट्रेनिंगच्या सुमारे ४९ लाख नोंदींपैकी एकमेकींपेक्षा वेगळ्या अशा जेमतेम पावणेअकरा लाख निघाल्या. म्हणजे ७८ टक्के नोंदी नुसत्या पुनरावृत्ती. टेस्टच्या तीन लाख अकरा हजार नोंदींतही ७५ टक्के तोच प्रकार.

याचा अर्थ परीक्षेच्या भाषेत सांगतो. समजा पेपरमध्ये शंभर प्रश्न आहेत, पण त्यातले पंच्याहत्तर म्हणजे तेच चार-पाच प्रश्न पुन्हा पुन्हा. ते चार पाठ करणाऱ्याला डिस्टिंक्शन मिळणारच. त्याला विषय येतो का, हे मात्र त्या मार्कांवरून कळणार नाही. केडीडीत वारंवार येणाऱ्या नोंदी होत्या त्या सर्व्हरवर पाकिटांचा भडिमार करणाऱ्या हल्ल्यांच्या, ज्या ओळखायला फार अक्कल लागत नाही. गुपचूप आत शिरून ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क मिळवणारे हल्ले मोजकेच होते. ते सगळेच्या सगळे हुकले तरी एकूण टक्केवारीला ओरखडासुद्धा उठत नव्हता. त्या संशोधकांनी पुनरावृत्ती काढून एनएसएल-केडीडी नावाचा नवा संच दिला, आणि त्यावर तेच जुने अल्गोरिदम एकदम जमिनीवर आले.

आता मला सांगा, 'या डेटात डुप्लिकेट किती आहेत?' हा प्रश्न विचारायला पीएच.डी. लागते का? सेकंड इयरला डेटाबेसच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण 'सिलेक्ट डिस्टिंक्ट' शिकतो. शेवटच्या बाकावरचा कुणीही हे विचारू शकला असता. त्या दहा वर्षांत जगात किती सेमिनार हॉल शांत राहिले असतील, याची कल्पना करा.

दुसरं उदाहरण याहून सोपं. बँकेचे हजार व्यवहार आहेत, त्यात दहा फ्रॉड आहेत. मी एक अल्गोरिदम काढला. त्याचा कोड एका ओळीचा : प्रत्येक व्यवहाराला 'ठीक आहे' म्हणायचं. याची ॲक्युरसी किती? ९९ टक्के. फ्रॉड किती सापडले? शून्य. तरीही बार चार्टवर माझा बार डौलात उभा राहील. फक्त कुणीतरी विचारायला हवं, की बाबा रे, काहीच केलं नसतं तर किती आले असते? ज्याच्या थिसिसमध्ये ही अडचण असेल त्याला हा प्रश्न पहिल्या सेमिनारला विचारला, तर तो दोन महिन्यांत दुरुस्ती करील. ॲक्युरसीच्या जोडीला प्रिसिजन आणि रिकॉल मांडेल, डेटा नीट विभागेल, प्रयोग एकदाच न करता दहा वेळा करून सरासरी देईल. आणि नाही विचारला, तर हाच प्रश्न त्याला पहिल्यांदा विचारणार एक्स्टर्नल, फायनल व्हायवाला, ब्लॅक बुकवर सोनेरी अक्षरं चढल्यानंतर. किंवा कंपनीतला इंटरव्ह्यूअर, ज्याच्याशी आपला कसलाच तह झालेला नाही. आपण मित्र म्हणून गप्प बसलो आणि त्याला परक्याच्या तावडीत दिलं, एवढाच याचा अर्थ.

काहीजण म्हणतील, 'एवढं काय मनाला लावून घेतोस, एम.टेक.चा थिसिस म्हणजे एक फॉर्मॅलिटी आहे.' क्लॉड शॅनन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने १९३७ साली एमआयटीत जो प्रबंध लिहिला, तो मास्टर्सचाच होता. रिलेच्या चालू-बंद सर्किटांना बूलचं बीजगणित लावता येतं, हे त्याने त्यात दाखवलं. आज आपण डिजिटलच्या लॅबमध्ये के-मॅप मांडतो, गेटं जोडतो, ते सगळं त्या वाटेवरचं. सगळ्यांचे थिसिस शॅननसारखे होणार नाहीत हे मलाही कळतं. पण फॉर्मॅलिटी हा शब्द पदवीच्या नावात नसतो, तो आपण आणून चिकटवलेला असतो.

प्रश्नांना घाबरायचं की त्यांना बोलवायचं, याचं आपल्या देशातलंच एक उदाहरण आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे संख्येच्या अंकांच्या मानाने वाजवी वेळात, नशिबावर काहीही न सोडता सांगता येईल का, हा कित्येक वर्षांचा अनुत्तरित प्रश्न होता. २००२च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे प्राध्यापक मणीन्द्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तो सोडवला. ही दोन मुलं त्याच वर्षी बी.टेक. झालेली, आणि बी.टेक.चा प्रोजेक्ट त्यांनी याच विषयाभोवती केला होता. निकाल हाती आल्यावर त्यांनी काय केलं? आपली चूक काढू शकतील अशा जगातल्या नामवंतांनाच तो मसुदा पाठवून दिला. म्हणजे 'एनी क्वेश्चन्स?' हे त्यांनी खरोखर विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली. चूक सापडली नाही. उलट हेन्ड्रिक लेन्स्ट्रा या डच गणितज्ञाच्या सूचनेमुळे सिद्धता आणखी सोपी झाली. २००४ साली तो पेपर ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये छापून आला आणि २००६ साली त्याला गोडेल पारितोषिक मिळालं. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं त्यांना प्रश्न परवडतात, आणि ज्यांच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही असतं त्यांना तर ते हवेच असतात.

आता स्लाइडबद्दल दोन शब्द, कारण शांततेला स्लाइडही जबाबदार असते. २००३च्या जानेवारीत कोलंबिया यान उडालं तेव्हा टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच खाली इंजिनिअरांनी धोक्याचा अंदाज बांधून तो पॉवरपॉइंटवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. खरी गोष्ट सगळ्यात तळाला, बारीक टाइपात होती : चाचण्यांमध्ये वापरलेले तुकडे तीन घनइंचाचे होते, आणि हा होता एक हजार नऊशे वीस घनइंचांचा. सहाशे चाळीस पट. म्हणजे हातातल्या चाचण्यांवरून काही ठरवणंच शक्य नव्हतं. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलासह सातहीजण गेले. एका स्लाइडमुळे हे झालं असं कुणी म्हणत नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात नासाच्या या पीपीटीच्या सवयीवर स्पष्ट ताशेरे ओढले. नीट अहवाल लिहायच्या जागी स्लाइड आल्या, आणि मथळा वाचणाऱ्याला तळाची ओळ दिसली नाही.

आपल्या सेमिनारमध्ये कुणाचा जीव जात नाही, हे खरं. पण आपल्यातलेच काहीजण उद्या रेल्वेच्या, दवाखान्याच्या, बँकेच्या सॉफ्टवेअरवर बसणार आहेत. 'आमच्या पद्धतीची मर्यादा' ही ओळ तळाला, बारीक अक्षरात, पटकन पुढे सरकवायच्या स्लाइडवर टाकायची सवय इथेच लागते. आणि ती ओळ बघून हात वर न करायची सवयही इथेच लागते.

हे सगळं आजच लिहावंसं वाटलं त्यालाही कारण आहे. पूर्वी जाडजूड रिपोर्ट बघून निदान एवढं तरी म्हणता यायचं, की पोराने बसून लिहिलाय. २०१८ साली यूजीसीने वाङ्मयचौर्याचे नियम आणले. मजकूर दहा टक्क्यांपर्यंत जुळला तर चालेल, त्यापुढे कारवाई. त्यामुळे कॉपी-पेस्टला थोडा तरी चाप बसला. पण २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि खेळच बदलला. आता प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे, कोड, स्लाइड, एवढंच काय पण बोलायचं भाषणसुद्धा मशिन लिहून देतं, आणि तेही कुठल्याही पेपरशी शब्दशः न जुळणारं. मी मशिनच्या विरोधात नाही. कोडमधली चूक शोधायला सगळेच वापरतात. पण मग 'हे याला समजलंय का?' हे कशावरून ठरवायचं? रिपोर्टवरून ठरत नाही. सिमिलॅरिटीच्या टक्क्यांवरून तर नाहीच. ते ठरतं फक्त एका ठिकाणी : माणूस समोर उभा आहे, कुणीतरी त्याला अनपेक्षित प्रश्न विचारलाय, आणि तो दोन क्षण थांबून खडू उचलतोय. थिसिसमधला मशिनला देऊन न टाकता येणारा भाग आता तेवढाच उरलाय. तोच आपण टाळ्या वाजवून उडवून लावतो.

आता आक्षेपांकडे येऊ. ते खरे आहेत आणि ते झटकून टाकणं बरोबर नाही.

पहिला आक्षेप मार्कांचा. 'मी प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर आलं नाही, तर त्याचे मार्क जातील. मग माझ्यामुळे गेले ना?' अगदी बरोबर. आपल्याकडे ज्या दिवशी प्रश्न विचारायचे असतात त्याच दिवशी मार्क द्यायचे असतात, गोची तिथेच आहे. ज्या प्रश्नाने काम सुधारायचं तो प्रश्न निकालाच्या दिवशी विचारून उपयोग काय? म्हणून माझी पहिली मागणी डिपार्टमेंटकडे : प्रत्येक स्टेजच्या सेमिनारच्या निदान एक महिना आधी बिनमार्कांचा एक सेमिनार असावा. तिथे हजेरी असेल, पण मार्कशीट नसेल. तिथे पडलेले प्रश्न एका कागदावर लिहून विद्यार्थ्याला द्यावेत, आणि खऱ्या सेमिनारला त्याने पहिल्या स्लाइडवर सांगावं की या प्रश्नांचं मी काय केलं. मार्क द्यायचेच असतील तर त्याचे द्या.

दुसरा आक्षेप मैत्रीचा. 'रूममेटला सगळ्यांसमोर कसं विचारायचं? वाईट वाटेल त्याला.' यावर स्वीडनमध्ये एक छान उपाय आहे. तिथे पीएच.डी.च्या जाहीर परीक्षेला एक 'ऑपोनंट' नेमलेला असतो. त्याचं कामच प्रबंधातली कमकुवत जागा शोधणं. अनेक विद्यापीठांत मास्टर्सच्या मुलांनाही हेच करावं लागतं. प्रत्येकाने दुसऱ्या एकाचा थिसिस आधी वाचायचा, त्यावर लेखी टिपण द्यायचं आणि सादरीकरणाच्या वेळी प्रश्न विचारायचे. हे केल्याशिवाय स्वतःचा थिसिस पूर्ण होत नाही. आता यात मैत्री तुटायचा सवालच येत नाही, कारण विचारणं हे कर्तव्य झालं. न विचारणारा शायनर ठरतो!

आणि हे परदेशी फॅड आहे असंही कुणी म्हणू नये. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे आपल्या मताविरुद्ध जे जे म्हणता येईल ते सगळं, तेही चांगल्यात चांगल्या शब्दांत. मग उत्तरपक्ष आणि मग सिद्धान्त. पूर्वपक्ष लुळापांगळा मांडणं हा मोठा दोष समजला जायचा. आपले बार चार्ट बघा : त्यातले समोरचे चार बार बहुतेक वेळा असेच लुळेपांगळे असतात. आपल्या अल्गोरिदमवर महिनाभर मेहनत, आणि ज्याच्याशी तुलना करायची त्याचे पॅरामीटर जसे आले तसे! एक वर्गमित्र 'पूर्वपक्ष' म्हणून नेमला तर हे पहिल्या पाच मिनिटांत बाहेर येईल.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा, आणि तो कुणी मोठ्याने बोलत नाही : इंग्रजी. प्रश्न डोक्यात असतो. 'सर, यात हे जे टेस्टचं आहे ते ट्रेनिंगमध्ये परत आलंय का?' असा सरळ असतो. पण त्याचं इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत, 'हॅज'चं 'हॅव' करेपर्यंत टाळ्या वाजलेल्या असतात. लातूर, बुलढाणा, नंदुरबारकडून आलेली कितीतरी हुशार मुलं अशी गप्प बसतात. रात्री खोलीत तीच मुलं त्याच विषयाची साल काढतात, तेही प्रोजेक्टरशिवाय. पेपर इंग्रजीत लिहायचा, स्लाइड इंग्रजीत करायच्या, हे ठीकच आहे. जगाशी बोलायचं तर ते यायलाच हवं. पण प्रश्नाची दहा मिनिटं भाषेचं बंधन कशाला? मराठीत विचारा, बाहेरून आलेल्यांनी हिंदीत विचारा, अडलं तर मोडक्या इंग्रजीत विचारा. 'क्लासिफायर', 'ओव्हरफिटिंग' हे शब्द तसेच राहू द्यात, त्यांना कुणी हाकलत नाहीये. विचार मात्र ज्या भाषेत चालतो त्या भाषेत चालू द्या. गावाकडे नारदीय कीर्तन ऐकलंय का? पूर्वरंगात बुवा जड तत्त्वज्ञान सांगतात आणि उत्तररंगात तेच आख्यान लावून उलगडतात. समोर बसलेल्या आजीला अद्वैत हा शब्द लिहून दाखवता येणार नाही, पण निरूपण कुठे घसरलं ते तिला बरोबर कळतं. आपल्या थिसिसला उत्तररंग आहे का, हे बघायला मराठी ही फार चांगली चाळणी आहे. जे मराठीत पाच वाक्यांत सांगता येत नाही, ते इंग्रजीतही समजलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

चौथा आक्षेप स्टाफकडून येईल : 'वेळ कुठून आणायचा?' एकेका गाईडकडे विद्यार्थी, वर ॲक्रेडिटेशनची कागदपत्रं, परीक्षांची कामं. हे आम्हाला दिसतं. म्हणून सगळं डिपार्टमेंटने करावं असं मी म्हणत नाही. हॉस्टेलची कॉमन रूम आहे, टी.व्ही.च्या मागे एक फळा आहे, रात्री साडेनऊनंतर वेळही आहे. शॉर्टेस्ट पाथवाले डायक्स्ट्रा आइंडहोवेनला असताना दर मंगळवारी दुपारी चारदोन माणसं जमवून एकेक पेपर ओळीओळीने वाचत. 'ट्यूजडे आफ्टरनून क्लब' असंच त्याचं नाव होतं. पुढे ते टेक्सासला गेले तिथेही त्यांनी तो चालू ठेवला. प्रोजेक्टर नाही, बजेट नाही. आपल्याला मंगळवार जमत नसेल तर बुधवार करू. मेसला त्या दिवशी तशीही विशेष आशा नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली तीन मिनिटांत थिसिस सांगायची स्पर्धा सुरू केली आणि ती आता जगभर चालते. आपल्यालाही तीन मिनिटं, एक फळा आणि दोन खडू पुरतील. फर्स्ट इयरच्या पोरालाही बसू द्यायचं. त्याला कळलं तर जिंकलात.

आणखी एक गोष्ट स्लाइडपुरती. 'फ्यूचर स्कोप'च्या आधी एक स्लाइड सक्तीची करावी : 'काय जमलं नाही.' दीड वर्षात कुणाचंच सगळं जमत नाही. कुणाचा सर्व्हर बंद पडला, कुणाचा डेटाच मिळाला नाही, कुणी तीन महिने ज्या वाटेने गेला ती वाट पुढे बंद होती. ही बंद वाट पुढच्या बॅचला सांगितली तर त्यांचे तीन महिने वाचतील. आपण मात्र ती लपवतो, आणि पुढच्या वर्षी ज्युनियर त्याच वाटेने जाऊन त्याच भिंतीवर डोकं आपटतो. लायब्ररीत ओळीने लावलेल्या काळ्या बाइंडिंगांमध्ये ही माहिती कुठेच नाही, कारण तिथे प्रत्येकजण जिंकलेला आहे.

एक धोका मला मान्य आहे. प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली की काही शूरवीर दुसऱ्याला पाडायला किंवा आपलं वाचन दाखवायला उभे राहतील. 'माझा प्रश्न नाही, कॉमेंट आहे' असं म्हणून पाच मिनिटं बोलणारे प्रत्येक हॉलमध्ये असतात. त्यांच्यासाठी अध्यक्षांकडे घंटा असावी. खऱ्या प्रश्नाची ओळख सोपी आहे : उत्तर ऐकायची विचारणाऱ्याला घाई असते. आणि पुढे उभ्या असलेल्यानेही एक शिकायला हवं. 'हे मी तपासलेलं नाही, तपासून सांगतो' हे पूर्ण उत्तर आहे. त्याबद्दल मार्क कापणाऱ्यांनी एकदा शांतपणे विचार करावा, की आपण नक्की काय शिकवतोय. उत्तर न येण्यापेक्षा आलंय असं भासवणं महाग पडतं, हे कोडिंग करणाऱ्याला तरी वेगळं सांगायला नको. न दिसणारा एरर हाच सगळ्यात वाईट एरर.

तर मित्रहो, पुढच्या शुक्रवारी सेमिनार आहे. विषय आपल्या क्षेत्रातला असो वा नसो, खालच्या चारपैकी एक प्रश्न कुठल्याही थिसिसला चालतो. लिहून खिशात ठेवा :

एक – तुझ्या आधी हे लोक कसं करत होते, आणि तू नेमकं काय बदललंस?
दोन – तू बदललेली ती एक गोष्ट काढून टाकली, तर आकडा किती येतो?
तीन – प्रयोग किती वेळा केलास, आणि सगळ्यात वाईट निकाल कोणता आला?
चार – हे कुठे चालणार नाही?

हात वर करा. आवाज थोडा कापला तरी हरकत नाही, पुढे उभ्या असलेल्याचाही कापतोच आहे. मराठीत विचारा. उत्तर मिळालं तर छानच, आणि नाही मिळालं तर सेमिनारनंतर त्याच्याबरोबर कँटीनला जा, एक कटिंग सांगा आणि दोघं मिळून शोधा. चहाचे पैसे मात्र प्रश्न विचारणाऱ्याने द्यावेत, एवढं एक कलम नव्या तहात घालायला माझी ना नाही.